औषध कोणत्या प्रथिनाला धरेल? ग्राफ न्यूरल नेटवर्कचं पहिलं मॉडेल बांधताना

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एकाला पायथन येतं, एखादं न्यूरल नेटवर्क ट्रेनही केलेलं आहे, पण रसायनशास्त्राशी बारावीनंतर संबंध सुटलाय. दुसऱ्याचं बी. फार्म. किंवा बायोटेक झालंय, रेणू ओळखीचे आहेत, पण ‘ग्राफ न्यूरल नेटवर्क’ म्हटलं की दडपण येतं. काम दोघांचं एकच: औषधाचा एक रेणू आणि एक प्रथिन दिलं, की ती जोडी किती घट्ट बसेल याचा आकडा संगणकाकडून काढून घ्यायचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. यात मॉडेल बांधणं हा सोपा भाग आहे. तयार लायब्ररी आहेत, कोड उघडा पडलेला आहे, गूगल कोलॅबवरचा फुकटचा जीपीयू पहिल्या प्रयोगाला पुरतो. अवघड आहे ते मॉडेल खरंच काही शिकलंय की नावं पाठ करून बसलंय, हे पकडणं. त्यामुळे खाली मॉडेलच्या रचनेला कमी आणि डेटाला नि त्याच्या विभागणीला जास्त जागा दिली आहे.

पायरी १: आकडा कशाचा काढायचा ते ठरवा

घट्टपणा मोजायचं सगळ्यात स्वच्छ माप म्हणजे केडी, म्हणजे वियोजन स्थिरांक. औषधाच्या ज्या संहतीला निम्मे प्रथिन-रेणू औषधाने व्यापलेले असतात, ती संहती. आकडा जितका लहान, तितकी पकड घट्ट. चांगल्या औषधांचा केडी नॅनोमोलरमध्ये असतो आणि निरुपयोगी रेणूंचा मायक्रोमोलरच्याही पुढे जातो. इतका पसरलेला आकडा नेटवर्कला झेपत नाही, म्हणून त्याचा ऋण लॉगॅरिदम घेतात आणि त्याला पीकेडी म्हणतात. नॅनोमोलरमधल्या आकड्याचा दशमान लॉग काढा आणि तो ९ मधून वजा करा, झालं. १ नॅनोमोलर म्हणजे ९, १ मायक्रोमोलर म्हणजे ६, १० मायक्रोमोलर म्हणजे ५. पीकेडीत एका एककाचा फरक म्हणजे पकडीत दहापट फरक. ऊर्जेत मोजलं तर खोलीच्या तापमानाला साधारण १.४ किलोकॅलरी प्रति मोल.

केडी, केआय (रोधकाचा वियोजन स्थिरांक) आणि आयसी-५० (एन्झाइमचं काम निम्म्यावर आणणारी औषधाची संहती) हे तीन आकडे एकाच स्तंभात कोंबू नका. आयसी-५० हा चाचणीत सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू, किती घातला होता यावरही ठरतो. त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आयसी-५० शेजारी ठेवले की एकाच जोडीचे दोन आकडे दिसू लागतात. केआयसारखा त्यातल्या त्यात स्थिर आकडा घेतला तरी वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या मोजमापांत अर्ध्या लॉग-एककाच्या आसपास फरक पडतो. ही मर्यादा लक्षात असू द्या, पुढे ती कामाला येणार आहे.

पायरी २: डेव्हिस डेटासेट घ्या आणि आधी नुसता बघा

सरावाला डेव्हिस घ्यावा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून तो तयार झाला आहे. किनेज नावाची एन्झाइमं एटीपीवरचा फॉस्फेट दुसऱ्या रेणूवर नेऊन ठेवतात, आणि कॅन्सरच्या कितीतरी औषधांचं लक्ष्य हीच असतात. मूळ अभ्यासात ७२ किनेज-रोधक आणि ४४२ किनेज होते. मशीन लर्निंगवाल्यांच्या हाती फिरणाऱ्या आवृत्तीत ६८ औषधं आहेत. ६८ गुणिले ४४२ म्हणजे ३०,०५६ जोड्या, आणि एकही चौकट रिकामी नाही. या क्षेत्रात असा पूर्ण भरलेला तक्ता क्वचित मिळतो. पुढे किबा आहे (२,१११ औषधं, २२९ प्रथिनं, १,१८,२५४ जोड्या) आणि बाइंडिंगडीबीत तर लाखो मोजमापं आहेत, पण तिथे लगेच उडी घेऊ नका.

मॉडेलला हात लावण्याआधी पीकेडीचा हिस्टोग्राम काढा. ५ या आकड्यावर एक उंचच उंच खांब दिसेल. साधारण ७० टक्के जोड्या तिथेच उभ्या आहेत. त्यांचा केडी बरोबर १०,००० नॅनोमोलर मोजला गेला असं नव्हे. चाचणीच्या मर्यादेत बंधन दिसलंच नाही, म्हणून तो आकडा लिहून ठेवला आहे. म्हणजे तुमच्या ‘रिग्रेशन’मध्ये (आकड्याच्या अंदाजात) बहुतेक प्रश्न खरं तर ‘चिकटतं की नाही’ एवढेच आहेत. हे माहीत नसेल तर पुढे कमी आलेली सरासरी चूक बघून उगाच हुरळून जाल.

आता प्रथिनांची फाइल उघडा. एबीएल-१ या किनेजचं नाव कितीदा येतं ते मोजा. ते एकदाच येत नाही. उत्परिवर्तनं झालेली रूपं आहेत, फॉस्फेट लागलेलं रूप आहे, न लागलेलं आहे. फॉस्फेट लागल्याने अमिनो आम्लांचा क्रम बदलत नाही, त्यामुळे मॉडेलला फक्त क्रम दिला तर ही दोन रूपं त्याच्या दृष्टीने एकच. उत्तरं मात्र दोन. एकसारखे क्रम एकत्र केले की डेव्हिसमध्ये ३७९ प्रथिनं आणि २५,७७२ जोड्या उरतात. काही संग्रह हीच आवृत्ती देतात. कोणाच्या निबंधातले आकडे तुमच्याशी ताडून बघायचे असतील, तर त्यांनी कोणती आवृत्ती वापरली हे आधी विचारा.

पायरी ३: एक रेणू हाताने ग्राफ करा

इमॅटिनिब घेऊ. रक्ताच्या कॅन्सरच्या एका प्रकारावरचं, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावरचं हे औषध २००१ साली अमेरिकेत मंजूर झालं. आपल्याकडे ग्लिव्हेक या नावाने ते पेटंटच्या खटल्यामुळे गाजलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली त्याच्या नव्या स्फटिकरूपाला पेटंट नाकारलं, तेच हे औषध.

डेटासेटमध्ये ते स्माइल्स या लिपीत येतं, म्हणजे रेणूची रचना अक्षरांच्या एका ओळीत गुंडाळलेली असते. आरडीकिट या मोफत लायब्ररीला ती ओळ दिली की रेणू-वस्तू मिळते. तिच्यातून हायड्रोजन सोडून बाकीचे अणू मोजा: २९ कार्बन, ७ नायट्रोजन, १ ऑक्सिजन, एकूण ३७. हे ग्राफचे नोड. कडी पाच आहेत, त्यामुळे बंध ३६ अधिक ५ म्हणजे ४१. हे एज. पायटॉर्च जिओमेट्रिक या ग्राफ नेटवर्कच्या लायब्ररीला प्रत्येक बंध दोन्ही दिशांनी सांगावा लागतो, म्हणून एजच्या तक्त्यात ८२ स्तंभ हवेत. तुमच्या कोडमध्ये ४१ आले तर निरोप एकाच दिशेने जातायत, आणि मॉडेल कुठलीही एरर न देता निमूटपणे वाईट शिकत राहील. हे तीन आकडे तपासणारी एक छोटी टेस्ट लिहून कायमची ठेवा.

प्रत्येक अणूला एक वेक्टर, म्हणजे आकड्यांची एक ओळ, द्यायचा. ग्राफडीटीए या बहुचर्चित मॉडेलमध्ये तो ७८ लांबीचा आहे: ४४ जागा मूलद्रव्यासाठी, ११ शेजाऱ्यांच्या संख्येसाठी, ११ हायड्रोजनांसाठी, ११ संयुजेसाठी आणि एक जागा अणू ॲरोमॅटिक आहे की नाही यासाठी. सुरुवातीला एवढं पुरतं. पण यात काय नाही तेही पाहा. बंध एकेरी की दुहेरी हे एजवर लिहिलेलं नाही. रेणूचा डावा-उजवा हातही नाही. क्षयरोगावरचं इथॅम्ब्युटॉल त्याच्या एका विशिष्ट आरशातल्या रूपातच औषध म्हणून चालतं, पण या वेक्टरला दोन्ही रूपं तंतोतंत सारखी दिसतात. तुमच्या रेणूंमध्ये किराल केंद्रं (असा डावा-उजवा फरक पाडणारे अणू) असतील तर ती माहिती नोडवर घालाच.

एक साफसफाईचं काम. औषधं बऱ्याचदा क्षाररूपात नोंदलेली असतात, उदाहरणार्थ इमॅटिनिब मेसिलेट. ती जशीच्या तशी घेतली तर ग्राफमध्ये मेसिलेटचा एक सुटा तुकडा तरंगत राहतो. सर्वांत मोठा तुकडा ठेवून बाकीचे काढा आणि मग प्रत्येक रेणूची स्माइल्स एकाच ठरलेल्या रूपात आणा. हे न केल्यास एकच औषध दोन नावांनी ट्रेनिंगमध्ये आणि टेस्टमध्ये जाऊन बसतं.

पायरी ४: निरोपांची देवघेव समजून घ्या

ग्राफ न्यूरल नेटवर्कचा गाभा एका वाक्यात मावतो: प्रत्येक लेयरमध्ये अणू आपल्या शेजाऱ्यांचे वेक्टर गोळा करतो, त्यांची बेरीज किंवा सरासरी काढतो, स्वतःच्या वेक्टरशी मिसळतो आणि नवा वेक्टर तयार करतो. २०१७ साली गिल्मर आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेला मेसेज पासिंग अशा नावाखाली एक सामाईक चौकट दिली.

इमॅटिनिबमधला तो नायट्रोजन घ्या, जो पिरिमिडीनचं कडं आणि मिथाइल लागलेलं बेंझीनचं कडं यांच्या मध्ये बसलाय. पहिल्या लेयरनंतर त्याला दोन शेजारी कार्बन कळतात. दुसऱ्या लेयरनंतर एका बाजूला पिरिमिडीनचे दोन नायट्रोजन कळतात, आणि दुसऱ्या बाजूला कड्यातला असा एक कार्बन, ज्याला तीन शेजारी आहेत. म्हणजे तिथे काहीतरी लटकलंय. ते मिथाइल आहे हे तिसऱ्या लेयरला कळतं. हे मिथाइल साधंसुधं नाही. औषध घडवताना ते त्या जागी बसवल्यामुळे प्रोटीन किनेज सी या नको असलेल्या लक्ष्यावरचा परिणाम गेला. दोनच लेयर ठेवले असते, तर या नायट्रोजनला त्याची फक्त कुणकुण लागली असती.

मग लेयर वाढवत जावं का? पिरिडीनच्या टोकापासून पिपरॅझीनवरच्या मिथाइलपर्यंत इमॅटिनिबमध्ये २२ बंधांचं अंतर आहे. पण २२ लेयर लावले तर सगळ्या अणूंचे वेक्टर एकमेकांसारखे होत जातात आणि कोण कोणता हेच उरत नाही. तीन ते पाच लेयर, आणि शेवटी सगळ्या अणूंचे वेक्टर एकत्र करून रेणूचा एक वेक्टर, अशी सोय बहुतेक जण करतात. हे एकत्रीकरण बेरजेने करायचं, सरासरीने की कमाल किमतीने, यानेही फरक पडतो. सरासरीत रेणूचा आकार हरवतो, बेरजेत टिकतो.

जीसीएन, गॅट, जिन अशी नावं वाचाल. जीसीएन शेजाऱ्यांची सामान्यीकृत बेरीज करतं, गॅट कोणत्या शेजाऱ्याचं किती ऐकायचं हे शिकतं, जिन बेरजेवर एक छोटं नेटवर्क चालवतं आणि ग्राफच्या रचनांमधला फरक ओळखण्यात त्यातल्या त्यात तीक्ष्ण आहे. जिन घ्या आणि पुढे चला. यावर आठवडे घालवणारे लोक आहेत. डेव्हिसवर त्या आठवड्यांचं चीज होत नाही.

पायरी ५: प्रथिनाची बाजू

इथे नवशिके घाई करतात. ग्राफडीटीएमध्ये औषध ग्राफ आहे, पण प्रथिन मात्र अक्षरांची ओळच आहे. अमिनो आम्लांच्या क्रमावर एकमितीय कन्व्होल्यूशन चालतं. क्रमाची लांबी १००० वर कापलेली असते, कमी असेल तर शून्यं भरलेली.

आता १००० वर कापण्याचा अर्थ बघा. एबीएल-१ मध्ये औषध जिथे बसतं तो किनेज-भाग साधारण २४२ ते ४९३ या जागांवर आहे, तो वाचतो. पण फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये महत्त्वाचं असलेलं एएलके १,६२० अमिनो आम्लांचं आहे आणि त्याचा किनेज-भाग १,११६ च्या आसपास सुरू होतो. एमटॉर तर २,५४९ लांबीचं आणि त्याचा किनेज-भाग अगदी शेपटाकडे. दोन्हींमध्ये मॉडेलला प्रथिनाचा असा भाग दाखवला जातो, ज्याला औषध शिवतही नाही. तरीही एकूण गुण छान येतात! ते कसे येतात याचा विचार करत राहा, सातव्या पायरीला उत्तर आहे.

दुरुस्ती सोपी आहे. युनिप्रॉट या प्रथिनांच्या संग्रहात प्रत्येक किनेजचा कार्यकारी भाग कुठून कुठपर्यंत आहे ते नोंदलेलं असतं. तेवढाच, म्हणजे अडीचशे-तीनशे अमिनो आम्लांचा तुकडा कापून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे, ईएसएम-२ सारख्या प्रथिनांच्या भाषा-मॉडेलमधून प्रत्येक अमिनो आम्लाचा वेक्टर काढून फाइलीत साठवून ठेवा. ३.५ कोटी पॅरामीटरची छोटी आवृत्ती ४८० लांबीचे वेक्टर देते आणि कोलॅबवर आरामात चालते. हे काम एकदाच करायचं असतं, प्रत्येक इपॉकला (ट्रेनिंग डेटावरच्या प्रत्येक फेरीला) नाही.

प्रथिनाचाही ग्राफ करता येतो: प्रत्येक अमिनो आम्ल एक नोड, आणि ज्यांच्या अल्फा-कार्बनमधलं अंतर ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी त्यांच्यात एज. रचना अल्फाफोल्डच्या, म्हणजे क्रमावरून रचनेचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलच्या, संग्रहातून मिळते. फक्त हे जाणून असा की तिथली रचना म्हणजे प्रथिनाची एक मुद्रा. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये एन्झाइमसाठी कुलूप-किल्लीची उपमा दिली, ती शाळेत सगळ्यांनी वाचलीय; पण हे कुलूप हलतं. इमॅटिनिब एबीएलच्या निष्क्रिय मुद्रेला धरतं, सक्रिय मुद्रेला तसं धरत नाही. तुम्ही दिलेली रचना सक्रिय मुद्रेची असेल, तर योग्य उत्तर त्या ग्राफमध्ये नाहीच.

पायरी ६: जोडा आणि ट्रेन करा

इथे फार काही नाही. औषधाचा वेक्टर आणि प्रथिनाचा वेक्टर शेजारी ठेवा, दोन-तीन साध्या लेयरमधून न्या, शेवटी एक आकडा. लॉस म्हणजे चुकांच्या वर्गांची सरासरी. ग्राफडीटीएच्या लेखकांनी ५१२ चा बॅच, ०.०००५ चा लर्निंग रेट आणि १००० इपॉक वापरले होते. बॅच मेमरीत मावत नसेल तर कमी करा.

पायटॉर्च जिओमेट्रिक टाकताना जुन्या ब्लॉगमधली स्कॅटर, स्पार्स वगैरे जोडपॅकेजं घालायच्या मागे लागू नका. अलीकडच्या आवृत्त्यांना मूलभूत कामासाठी त्यांची गरज नाही, आणि नवशिक्यांचा पहिला दिवस बहुधा तिथेच वाया जातो. आधी फक्त ५० जोड्या घेऊन मॉडेलला त्या तोंडपाठ करायला लावा. लॉस शून्याजवळ गेला नाही तर कोडमध्ये गडबड आहे, पूर्ण डेटा चालवण्यात अर्थ नाही.

आणि कुठल्या इपॉकला थांबायचं हे वेगळ्या काढून ठेवलेल्या व्हॅलिडेशन भागावरून ठरवा. टेस्टवर सर्वोत्तम आलेला इपॉक उचलणं म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षा घेणं.

पायरी ७: विभागणी, आणि इथेच खरी परीक्षा

ग्राफडीटीएने डेव्हिसवर सरासरी वर्गचूक ०.२२९ आणि कॉन्कॉर्डन्स इंडेक्स ०.८९३ नोंदवला. त्याआधीच्या, स्माइल्सला नुसती अक्षरं म्हणून वाचणाऱ्या डीपडीटीएचे आकडे ०.२६१ आणि ०.८७८ होते. कॉन्कॉर्डन्स इंडेक्स म्हणजे कोणत्याही दोन जोड्यांत जास्त घट्ट कोण हे मॉडेल किती वेळा बरोबर ओळखतं, ०.५ म्हणजे नाणेफेक.

०.२२९ चं वर्गमूळ ०.४८. म्हणजे केडीत साधारण तिप्पट इकडे-तिकडे. पहिल्या पायरीत सांगितलेला प्रयोगशाळांमधला फरक आठवा: मॉडेलची चूक मोजमापांतल्या गोंधळाएवढी खाली आली आहे! इतकं चांगलं आलं की आनंद होण्याऐवजी संशय यायला हवा. एक कारण ७० टक्क्यांचा तो खांब. दुसरं कारण विभागणी.

जोड्या यदृच्छया वाटल्या, की टेस्टमधलं प्रत्येक औषध ट्रेनिंगमध्ये शेकडो वेळा आणि प्रत्येक प्रथिन पन्नासेक वेळा येऊन गेलेलं असतं. स्टॉरोस्पोरिन जवळजवळ प्रत्येक किनेजला धरतं; लॅपॅटिनिब अगदी मोजक्यांना. एवढं माहीत असलं तरी निम्मं काम होतं, आणि त्याला रसायनशास्त्र लागत नाही. म्हणून मॉडेलच्या आधी हे एक्सेलमध्येही करता येणारं सूत्र चालवा: त्या औषधाची ट्रेनिंगमधली सरासरी, अधिक त्या प्रथिनाची सरासरी, वजा एकूण सरासरी. तुमचं ग्राफ नेटवर्क या सूत्रापेक्षा किती पुढे आहे तीच त्याची खरी कमाई.

मग विभागणी कडक करत न्या. आधी नवी औषधं: काही औषधं पूर्णपणे टेस्टमध्ये टाका, त्यांची एकही जोडी ट्रेनिंगला दिसू देऊ नका. ६८ पैकी पाचवा हिस्सा म्हणजे जेमतेम १३-१४ औषधं, त्यामुळे एकाच वाटणीवर विसंबू नका. पाच वाटण्या करून सरासरीबरोबर पसाराही लिहा. मग एकाच सांगाड्याची औषधं एकाच बाजूला राहतील अशी वाटणी. आरडीकिटमध्ये मर्को सांगाडे (रेणूची कडी आणि त्यांना जोडणारे भाग) काढायची सोय आहे. मग नवी प्रथिनं. इथे नुसती नावं वेगळी करून भागत नाही, एबीएल-१ ट्रेनिंगमध्ये आणि एबीएल-२ टेस्टमध्ये गेलं तर ते नवं प्रथिन नव्हेच. क्रम किती जुळतात यावरून गट पाडा. शेवटी दोन्ही नवी. प्रत्येक टप्प्याला आकडे घसरतील. घसरू द्या. तुमच्या प्रयोगशाळेतला मित्र उद्या जो प्रश्न विचारणार आहे तो याच टप्प्यांवरचा असेल, कारण माहीत असलेल्या औषधाचा माहीत असलेल्या प्रथिनाशी केडी काय, हे तो तक्त्यात बघू शकतो.

यानंतर मॉडेलचा एकेक डोळा झाका. सगळ्या प्रथिनांच्या जागी एकच कोरा वेक्टर देऊन ट्रेन करा. मग औषधांच्या बाबतीत तेच. मग प्रथिनांचे क्रम आपापसांत कायमचे अदलाबदल करून, म्हणजे एएलकेच्या नावाखाली दुसऱ्याच कोणाचा क्रम लावून ट्रेन करा. यदृच्छ विभागणीवर या शेवटच्या प्रयोगात गुण फारसे पडले नाहीत, तर तुमचं मॉडेल क्रमाचा उपयोग हजेरीपटावरच्या क्रमांकासारखा करतंय. पाचव्या पायरीतलं कोडं इथे सुटतं: एएलकेचे पहिले १००० अमिनो आम्ल औषधाला शिवत नसले तरी ‘हे एएलके आहे’ एवढं ओळखायला भरपूर आहेत.

हा दोष फक्त क्रमावर चालणाऱ्या मॉडेलांचा नाही. २०१९ साली डीयूडी-ई या प्रसिद्ध डेटासेटबद्दल दाखवून दिलं गेलं की प्रथिन काढून टाकलं तरी नेटवर्क जवळपास तितकेच गुण मिळवतं. २०२२ मध्ये पीडीबीबाइंड या प्रथिन-औषध रचनांच्या संग्रहातल्या त्रिमितीय रचनांवरच्या ग्राफ नेटवर्कबद्दलही असाच निष्कर्ष आला: औषध आणि प्रथिन यांच्यातले परस्परसंबंध दिले काय नि न दिले काय, फारसा फरक पडेना.

एक तुलना कधीही गाळू नका: मॉर्गन फिंगरप्रिंट (रेणूतले तुकडे नोंदवणारी शून्य-एकांची ओळ) आणि रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णय-वृक्षांचं जुनं, साधं मॉडेल). काही मिनिटांत चालतं, जीपीयू लागत नाही, आणि कमी औषधं असलेल्या डेटावर बरेचदा ग्राफ नेटवर्कला घाम फोडतं. ते जिंकलं तर तेच वापरा, लाजायचं कारण नाही.

पायरी ८: उत्परिवर्तनाची छोटी परीक्षा

एकूण सरासरीत जे लपतं ते एका उदाहरणात उघडं पडतं. एबीएलमध्ये ३१५ व्या जागी थ्रिओनिन असतं. इमॅटिनिबच्या चौथ्या पायरीतल्या त्याच नायट्रोजनवरचा हायड्रोजन या थ्रिओनिनशी हायड्रोजन बंध करतो. रुग्णांमध्ये तिथे आयसोल्युसिन आलं की बंध जातो, वर आयसोल्युसिनची फांदी औषधाच्या वाटेत येते आणि औषध चालेनासं होतं. हे टी३१५आय उत्परिवर्तन. हजारावर अमिनो आम्लांपैकी एक बदललं.

तुमच्या फाइलीत मूळ एबीएल-१ आणि टी३१५आय यांचे क्रम खरंच वेगळे आहेत का ते आधी पाहा. एकसारखे असतील तर ३१५ वं अक्षर स्वतः बदला. (क्रमांक मोजताना एबीएल-१ ची कोणती आवृत्ती आहे ते तपासा, १,१३० लांबीच्या आवृत्तीत हा क्रमांक बरोबर बसतो.) मग इमॅटिनिबसाठी दोन्हींचे अंदाज काढा. फरक ०.१ च्या आत आला, तर मॉडेलला बंधनाची जागा कळलेली नाही. बहुतेकांचं पहिलं मॉडेल इथे आपटतं. प्रत्येक अमिनो आम्लाचे वेक्टर सरासरीत एकत्र करण्याऐवजी औषधाच्या अणूंकडून त्यांच्यावर अटेंशन (कोणाकडे किती लक्ष द्यायचं हे शिकणारी यंत्रणा) लावलं, आणि फक्त किनेज-भाग दिला, तर सुधारणेला वाव मिळतो. अटेंशनचे रंगीत नकाशे मात्र पुरावा म्हणून कोणाला दाखवू नका. नकाशा ३१५ वर चमकतो आणि अंदाज हलत नाही, असंही होतं.

पायरी ९: त्रिमितीय रचनांकडे कधी जायचं

प्रथिन आणि औषध एकत्र स्फटिकात पकडलेले असतील तर खरा परस्परसंबंधाचा ग्राफ करता येतो: औषधाचे अणू, प्रथिनाच्या खिशातले (औषध बसतं त्या खोबणीतले) अणू, आणि ४-५ अँगस्ट्रॉमच्या आतल्या जोड्यांमध्ये एज. पीडीबीबाइंडच्या २०२० च्या आवृत्तीत अशा १९,४४३ प्रथिन-औषध रचना त्यांच्या मोजलेल्या ताकदीसह आहेत. २८५ रचनांचा कासफ-२०१६ हा नेहमीचा टेस्ट संच पीडीबीबाइंडमधूनच निवडलेला आहे, त्यामुळे ट्रेनिंगमध्ये त्याचे सख्खे-चुलत भाऊ भरपूर आहेत. साम्य असलेल्या रचना गाळून केलेल्या विभागण्या आता उपलब्ध आहेत, त्याच घ्या.

स्फटिक नसेल तर डॉकिंग, म्हणजे औषध खिशात कसं बसेल याचा संगणकी अंदाज, करावं लागतं, आणि मग डॉकिंगची चूक तुमच्या चुकीत मिसळते. पहिल्या सात पायऱ्यांची शिदोरी पक्की होईपर्यंत इकडे वळू नये, असं मी म्हणेन.

पायरी १०: यादी प्रयोगशाळेत देताना

वेगवेगळ्या सुरुवातींनी तेच मॉडेल पाच वेळा ट्रेन करा. पाचांचे अंदाज एकमेकांपासून लांब पडले तर तो रेणू बाजूला ठेवा. ज्या रेणूचं ट्रेनिंगमधल्या सगळ्यात जवळच्या औषधाशी साम्य फार कमी आहे, त्याच्या आकड्यापुढे तसं लिहा. किनेजवर शिकलेल्या मॉडेलला क्षयरोगाच्या जिवाणूचं एखादं प्रथिन दिलं तरी ते बेधडक आकडा देईल, तो फेकून द्या.

गुण मांडताना प्रत्येक प्रथिनासाठी वेगळा क्रमसंबंध काढा आणि मग मध्यक घ्या. प्रयोग करणाऱ्याला ३०,००० जोड्यांची सरासरी नको असते, त्याच्या एका प्रथिनासाठी पहिले वीस रेणू कोणते हे हवं असतं. यादी देताना वरच्या वीसांबरोबर मॉडेलने ‘हे धरणारच नाहीत’ म्हटलेले चार-पाच रेणूही द्या, आणि कोणते कोणते हे चाचणी करणाऱ्याला सांगू नका. वरचे वीस आणि हे पाच सारखेच चिकटले किंवा सारखेच निसटले, तर पुढच्या खेपेचे पैसे खर्च होण्याआधी ते कळेल.